तारेखालचा निंब

हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा पहाटेच्या गारव्यानं तुम्ही पंखा बंद केलेला असेल आणि घरात चकलीच्या भाजणीचा वास सुटला असेल. अशा दिवसांत मे महिन्यातल्या दुपारींबद्दल वाचायला कोणाला आवडणार नाही, हे मला कळतं. पण संपादकांनी 'नोकरीतलं काहीतरी लिहा' म्हटलं आणि आठवायला बसलो, तर मे महिन्याशिवाय दुसरं काही आठवेना. तेहतीस वर्षं मी विजेच्या खात्यात लाइनमन होतो. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात लाइनमनचे बाकीचे अकरा महिने एक तर मे महिन्याच्या तयारीत जातात, नाही तर त्याच्या दुखण्यात.

निवृत्त होऊन चार वर्षं झाली. उन्हाळ्यात फोन वाजत नाही, याची सवय अजून झालेली नाही. नोकरीत असताना दहा गावांचे लोक फोन करायचे, आणि प्रत्येकाला वाटायचं की लाइन मी खिशात घालून फिरतो. लोक शिव्या द्यायचे, मी ऐकून घ्यायचो, आणि लाइन आली की तेच लोक चहाला बोलवायचे. परवा बायकोला म्हटलं, "मले त्या शिव्याईची बी आठवण येते." ती म्हणाली, "म्या देऊ का दोन-चार? घरच्या घरी होऊन जाईन."

माझी पहिली नेमणूक बोरी अरबला होती. तिथं सरुबाई नावाची एक म्हातारी होती. रोज दुपारी एक वाजता लाइन जाते, अशी तिची तक्रार होती. मी जाऊन पाहिलं, तर घरातला एकुलता एक टेबलफॅन कोंबड्यांच्या खुराड्यासमोर ठेवलेला आणि म्हातारी स्वतः सुपानं वारा घेत बसलेली. मी विचारलं तर म्हणाली, "मले सूप धरता येते. कोंबडीले येते का?" मग मला जवळ बोलावून हळूच म्हणाली, "भाऊ, एक सांग. करंटले बी ऊन लागते का? रोज एकाच टायमाले कसा चक्कर येऊन पडते?"

मी हसलो. नव्या नोकरीत माणूस हसतोच. पण म्हातारीचं जवळजवळ बरोबर होतं. ऊन करंटला लागत नाही, तारेला लागतं. दोन खांबांमधली तार तापली की लांबते आणि लांबली की खाली लोंबते. याला आम्ही झोळ म्हणतो. दुपारी घरोघरी कूलर सुरू होतात, त्यामुळे तार वरून उन्हानं तापते आणि आतून करंटनं. असा झोळ पडत पडत तार एखाद्या झाडाच्या फांदीला टेकली, की तिकडे सबस्टेशनमध्ये स्विच आपोआप पडतो आणि त्या लाइनवरची सगळी गावं बंद होतात. म्हणून रोज ठरावीक वेळेला लाइन गेली, की कुठेतरी तार झाडाला लागते आहे असं समजायचं आणि खांबामागून खांब पाहत चालत सुटायचं.

हे सगळं मला पुढे देवरावभाऊंनी शिकवलं. माझी बदली फुलसावंगीच्या भागात झाली तेव्हा ते तिथले जुने लाइनमन होते. माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठे, अंगानं काटक, आणि बोलणं असं की साहेबानंही दोनदा विचार करून तोंड उघडावं. उन्हात पकड हातात धरवत नाही म्हणून ती पाण्याच्या डब्यात बुडवून वर न्यायची नाही, ओली पकड म्हणजे मरणाचं आमंत्रण. ती सावलीत ठेवून शेवटच्या क्षणी उचलायची, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. डोक्याला दुपट्टा कसा बांधावा, लोखंडी खांबाला पाठ लागू न देता कसं चढावं, हेही त्यांच्याकडूनच शिकलो. संध्याकाळी काम संपलं की ते रस्त्यात थांबून तारेकडे पाहायचे. "पाय, चढून राह्यली," म्हणायचे. दिवसभर लोंबलेली तार गार होत होत वर जाते, हे नुसत्या डोळ्यांना दिसतं यावर माझा आधी विश्वास बसला नव्हता. पण रोज पाहून पाहून मलाही दिसायला लागलं. सहा-साडेसहाला तार वर सरकायची, आणि आपलाही दिवस सुटला असं वाटायचं. तशी संध्याकाळ आता येत नाही. ती कुठं गेली हे मला कोणी सांगितलं तर मी अजूनही चालत जाऊन पाहून येईन.

पावसाळ्याआधी तारेजवळच्या फांद्या तोडणं हे आमचं दरवर्षीचं काम. ते दोन तऱ्हांनी करता येतं. सोपी तऱ्हा म्हणजे एकदाच जायचं आणि झाडाचा वरचा सगळा भार उतरवून टाकायचा, म्हणजे वर्षभर त्या झाडाकडे बघायला नको. देवरावभाऊ दोन खेपा करायचे. मे महिन्यात तारेला लागणारी तेवढीच फांदी काढायची आणि पाऊस पडल्यावर पुन्हा जाऊन बाकीचं. "झाडाले उन्हाळ्यात बोडखं करू नये," ते म्हणायचे. "आतल्या सालीनं कधी ऊन पायलेलं नसते. एकदम ऊन पडलं की तडकते." साहेब लोक म्हणायचे, देवराव कामाला दुप्पट वेळ लावतो. देवरावभाऊ म्हणायचे, "लावतो. तुमच्या गाडीले सावली लागते ना उभी करायले?"

त्यांचा स्वतःचा एक कडुनिंब होता. फुलसावंगीच्या रस्त्यावर एका फाट्याला. ते तरुण असताना ती लाइन ओढली गेली, तेव्हा निंब कमरेएवढा होता आणि खांबाचा खड्डा नेमका त्याच्यावर आखलेला होता. देवरावभाऊंनी इंजिनिअरशी हुज्जत घालून खड्डा चार पावलं सरकवला. पुढे त्यांनी तिथंच रस्त्याकडेला तुकडाभर जागा घेऊन टिनाचं घर बांधलं. निंबाखाली त्यांच्या बायकोनं, शेवंतावहिनींनी, चहाची टपरी टाकली. तिथं कागदोपत्री थांबा नव्हता, पण बस थांबायची. भर दुपारी उमरखेडला जाणारे लोक, ट्रकवाले, शेळ्या राखणारे, सगळे त्या झाडाखाली. डांबरी रस्त्यावरून त्या सावलीत पाय टाकला की पहिली दोन मिनिटं कोणी काही बोलायचं नाही. मग पाणी, मग चहा, मग बोलणं.

देवरावभाऊ निवृत्त झाले आणि दीड-दोन वर्षांत त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली. बोलणं राहिलं, पण शब्द ओढून आणावे लागायचे. टिनाचं घर सकाळी अकराला भट्टी होऊन जायचं, संध्याकाळपर्यंत आत बसवत नसे. म्हणून रोज सकाळी दोघं-तिघं जण त्यांची खाट उचलून निंबाखाली आणायचे. त्यासाठी वहिनींना कोणाला हाक मारावी लागत नसे. बससाठी थांबलेले लोकच उचलायचे. त्या सावलीत ते दिवस काढायचे. बसचा ड्रायव्हर खिडकीतून त्यांना पुढच्या-मागच्या गाडीची वेळ विचारायचा. मी रोज जाता-येता अर्धा कप चहाला थांबायचो. माणूस अर्ध्या अंगानं गेला होता, पण त्या झाडाखाली पूर्ण होता. एकदा म्हणाले, "प्रल्हाद, मले आता दुसरं काही नको. हे खाट अन् हे झाड, बस."

मग तो उन्हाळा आला. आठ-नऊ वर्षं झाली असतील. मार्चमध्येच तळं आटलं. डोंगरातली माकडं पाण्यासाठी गावात उतरली आणि टाक्यांवर, छपरांवर, खांबांवर बसायला लागली. तीन माकडं माझ्या लाइनवर चिकटून मेली. लोकांनी ती वाजत-गाजत पुरली आणि मला पाहून तोंड फिरवलं. चिंचेवरची वटवाघळं दुपारी पिकल्या फळासारखी खाली पडायची. बाया त्यांच्यावर पाणी शिंपडायच्या, एखादं हलायचं, बाकीची नाही. आणि तार संध्याकाळी वर चढेना. देवरावभाऊंनी खाटेवरून पाहिलं आणि म्हणाले, "सात वाजले अन् अजून खालीच हाय. हे काही चांगलं दिसून नाही राह्यलं."

एक दिवस दुपारी बाराला लाइन गेली. जोडली, पुन्हा गेली. तिसऱ्यांदा गेली तेव्हा आरोग्य केंद्रातून डॉक्टरांचा फोन आला. वावरात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या वेचणारी एक बाई बेशुद्ध होऊन आली होती. तिचं अंग तव्यासारखं तापलं होतं. बर्फ संपत आला होता, आणि ओल्या चादरीवर वारा घालायला पंखा चालत नव्हता. डॉक्टर शांत आवाजात म्हणाले, "भाऊ, जेवढ्या लवकर होईल तेवढं पाहा." लोकांच्या शिव्या परवडतात. असा शांत आवाज परवडत नाही.

मी सबस्टेशनपासून लाइनखालून चालत निघालो. माझ्याबरोबर शिडी घेऊन आमचा मदतनीस किसन होता, पन्नाशीचा माणूस, तो वाटेत दोनदा बसला. जमिनीची धग चपलेतून वर येत होती. प्रत्येक खांबाला मान वर करून पाहायचं म्हणजे उन्हातच पाहायचं. दीड वाजता आम्ही फाट्याला आलो आणि मला दिसलं. निंबाच्या शेंड्याची पानं तांबूस करपली होती आणि तार त्यांच्यात शिरली होती.

त्याआधीच्या दोन पावसाळ्यांत मी दुसरी खेप केली नव्हती. म्हणून फांदी तारेपर्यंत पोचली होती. हे मी त्या वेळी कोणाला सांगितलं नाही.

सबस्टेशनला फोन करून लाइन बंद करून घेतली, खात्री केली आणि शिडी लावली. झाडाला वर तीन मोठ्या फांद्या होत्या. एक तारेत घुसलेली. दुसरी तिच्या शेजारी, हातभर अंतरावर. तिसरी डाव्या अंगाला, घराकडे गेलेली, आणि तिच्याच सावलीत खाली देवरावभाऊंची खाट. खाट आम्ही थोडी बाजूला सरकवली. पहिली फांदी तोडली. दुसरी तोडली. खालून देवरावभाऊंचा आवाज आला, एकेक शब्द ओढत. "बस झालं. डावी राहू दे. ते तारेकडं जात नाही. पाऊस पडल्यावर ये पुन्हा."

मी ऐकलं. नीट ऐकलं. पण डोळ्यांपुढे अंधारी येत होती, हातातली कुऱ्हाड घामानं निसटत होती, आणि 'पुन्हा ये' हे दोन शब्द त्या क्षणी मला सहन झाले नाहीत. दहा-पंधरा दिवसांत वादळं सुरू होतील, ही फांदी झोक्यानं तारेवर येईल, असं मी मनाशी म्हटलं. तसं म्हणता येण्यासारखं होतं, म्हणून म्हटलं. आणि तिसरी तोडली.

ती खाली पडली आणि सगळं एकदम उजळलं. मी शिडीवरून पाहिलं तर देवरावभाऊंच्या अंगावर पायापासून डोक्यापर्यंत ऊन पडलं होतं. डाव्या हातानं उशाचा दुपट्टा ओढून त्यांनी तोंडावर घेतला.

लाइन जोडली, टिकली. संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला की बाई शुद्धीवर आली, बोलते आहे. त्यांनी माझे आभार मानले. खात्यात माझं कौतुकही झालं. त्या बाईचे प्राण वाचले याचा आनंद मला आजही आहे. पण ते पहिल्या फांदीनंच वाचले असते.

दुसऱ्या दिवसापासून देवरावभाऊ टिनाखाली. आत पंखा होता, वहिनी चादरी ओल्या करून खिडकीला लावायच्या. मी ठरवलं, काही झालं तरी यांचा पंखा बंद पडू द्यायचा नाही. त्यांच्या डीपीवर, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरवर, कूलरचा भार भलताच वाढला होता. ट्रान्सफॉर्मर फार तापला की आतलं तेल उकळायला लागतं. मग आम्ही पुस्तकात नसलेलं एक काम करतो, त्याला आंघोळ घालतो. लाइन बंद करून त्याच्या अंगावर पाणी मारायचं. माणसांना प्यायला टँकर आणि मी लोखंडाला आंघोळ घालतो आहे, हे पाहून एक आजोबा म्हणाले, "साबन बी लाव मंग." बारा ते चार मी तिथं बसायचो. बाकीच्या नऊ गावांची बोलणी खायचो. आठ दिवस असे काढले आणि नवव्या दिवशी तो जळाला.

नवीन येईपर्यंत पाच दिवस गेले. त्या पाच दिवसांत मी आणि वहिनींनी देवरावभाऊंची खाट सावलीमागून फिरवली. सकाळी घराच्या पश्चिमेला, दुपारी भिंतीला अगदी चिकटून वीतभर सावलीत, तीननंतर घराच्या पूर्वेला. खाट उचलायला आता दुसरं कोणी नव्हतं. सावली नाही म्हणून बस थांबेना, आणि बस थांबत नाही म्हणून माणसं येईनात. टपरीतला स्टोव्ह वहिनींनी पुसून आत ठेवून दिला. पाचव्या दिवशी उमरखेडहून त्यांची मुलगी आली, बापाची अवस्था पाहिली आणि दोघांना घेऊन गेली. तिच्याकडे स्लॅबचं घर होतं, कूलर होता. निघताना देवरावभाऊ मला म्हणाले, "पाऊस पडला की फुटवा येईन. तवा मले सांग. मी येतो मंग वापस."

पाऊस पडला. मी रोज त्या खोडाकडे पाहायचो. कडुनिंब चिवट असतो, कुठूनही फुटतो. पण त्या वर्षी साल उभी तडकली होती, आणि श्रावणात ती हातानं सोलून निघाली. आत कोरडं लाकूड होतं.

गणपतीच्या सुमारास उमरखेडला गेलो. त्यांना "जय भीम, भाऊ" म्हटलं आणि खाटेशेजारी बसलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "फुटला का?"

मी म्हणालो, "फुटला."

मी असं का म्हणालो, हे मला आजही धड सांगता येत नाही. त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते विझवायला मला धीर झाला नाही, एवढंच. मग दर महिना-दोन महिन्यांनी जायचो आणि झाड वाढवून यायचो. आता हाताएवढी फांदी झाली. आता पोपट बसतात. ते डोळे मिटून ऐकायचे. मध्येच एखादी गोष्ट विचारायचे, डावीकडचा फुटवा जोरात आहे की उजवीकडचा. मी सांगायचो, डावीकडचा. लाज वाटायची, आणि सांगायला बरंही वाटायचं. कारण तेवढा वेळ मलाही ते झाड दिसायचं. त्याखालचे लोक दिसायचे, वहिनींचा चहा, सावलीत आल्यावरची ती दोन मिनिटं.

वहिनींना खरं माहीत होतं. घर पाहायला त्या एकदा फाट्याला येऊन गेल्या होत्या. एकदा मला बस स्टँडवर सोडायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "भाऊजी, म्या त्याईले काही नाही सांगितलं. तुमी गेले की दोन दिवस ते चांगले जेवतात. पण जवा सांगायची वेळ येईन तवा तुमीच सांगा. माह्यावर टाकू नका."

ती वेळ दोन वर्षांनी आली. एप्रिलचा शेवट होता. मुलीचा फोन आला की बाबा हट्टाला पेटलेत. म्हणतात, यंदाचा उन्हाळा मी माझ्या निंबाखाली काढतो, इथं कूलरच्या डब्यात मला मरायचं नाही. मी गेलो तर त्यांनी दाढी करून घेतली होती, धुतलेलं धोतर नेसले होते, आणि खाटेखाली कपड्यांची पिशवी भरून तयार होती. मला पाहून हसले. लकव्यानंतर तसं हसताना मी त्यांना पाहिलंच नव्हतं.

"चाल," म्हणाले. "जावयाचा अ‍ॅपे सांगितला हाय."

मी त्यांच्या पायाशी बसलो. वहिनी आतल्या दारात उभ्या होत्या.

"भाऊ," मी म्हणालो, "झाड नाही तिथं. ते फुटलंच नाही. म्या खोटं सांगत होतो."

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी विचारलं, "डावी काहून तोडली?"

"ऊन लय होतं, भाऊ."

"उनाचं नाव नको सांगू," ते म्हणाले. "ऊन मले बी होतं. मी पस्तीस वर्स त्याच उनात चढलो."

मग मी सांगितलं. पुन्हा यायचा कंटाळा आला होता म्हणून तोडली, असं सरळ सांगितलं. दोन वर्षं दुसरी खेप केली नव्हती, तेही सांगितलं. सांगताना मला रडू आलं. त्यांनी मला गप्प केलं नाही आणि माफ केलं असंही म्हटलं नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मी उठायला लागलो तेव्हा म्हणाले, "गाडी बोलाव."

"तिथं काहीच नाही, भाऊ. नुसतं ऊन हाय."

"जागा तं हाय ना?"

पाचच्या सुमारास आम्ही फाट्याला पोचलो. ऊन उतरायचं नावच घेत नव्हतं. जावयानं आणि मी घरातून जुनी खाट काढली. मी ती भिंतीच्या सावलीत ठेवायला लागलो, तर त्यांनी मान हलवली आणि डाव्या हातानं दाखवलं. खोडाजवळ. पूर्वी होती तिथंच. आम्ही ठेवली, त्यांना त्यावर निजवलं. वहिनी पाणी आणायला घरात गेल्या. जावई गाडीजवळ जाऊन उभा राहिला.

देवरावभाऊ उताणे पडून वर पाहत होते. वर काही नव्हतं. पांढरट आकाश आणि तीन तारा. एक बस आली, हळू झाली, आणि न थांबता निघून गेली. ते म्हणाले, "इथं पडून तार कधी दिसलीच नव्हती."

पश्चिमेचं ऊन आता सरळ त्यांच्या तोंडावर येत होतं. त्यांनी डावा हात कपाळावर आडवा धरला. तो हात खाली पडला, त्यांनी पुन्हा उचलला, पुन्हा पडला. मी उठलो आणि खाटेच्या पश्चिमेला जाऊन उभा राहिलो. माझी सावली त्यांच्या छातीवर पडली.

"जरा डावीकडं," ते म्हणाले.

मी सरकलो. सावली त्यांच्या तोंडावर आली आणि त्यांनी डोळे मिटले. कपाळावरची आठी हळूहळू गेली. वहिनी पाणी घेऊन आल्या, आम्हाला तसं पाहिलं आणि परत जाऊन माझ्यासाठी स्टूल घेऊन आल्या. मी नको म्हणालो. सूर्य खाली जात होता तसा मी पाऊल-पाऊल सरकत होतो, आणि बसलो असतो तर ती सावली त्यांच्यापर्यंत पोचली नसती.